सरांनी हातात घेतलेला पोवळा

"डॉक्टर, कैरीच्या लोणच्यातून बोट्युलिझम होणं जवळजवळ अशक्य आहे," मी म्हणालो आणि तिथेच थांबायचं सोडून पुढे चार मिनिटं बोलत राहिलो.

चार मिनिटं हा अंदाज नाही. आमचे सगळे कॉल रेकॉर्ड होतात आणि नंतर ते बसून ऐकावे लागतात. चार मिनिटं अकरा सेकंद मी इमर्जन्सी रूममधल्या एका तरुण डॉक्टरला मीठ, तेल, आंबटपणा आणि बरणीच्या तोंडाला बांधलेला फडका यांवर व्याख्यान दिलं. ती, डॉ. ट्रॅन, सभ्य बाई. माझा श्वास संपेपर्यंत तिने वाट पाहिली आणि म्हणाली, "थँक यू. पण माझ्या पेशंटच्या पापण्या खाली आल्यात. त्याचं काय करू?"

मी फार्मासिस्ट आहे. कॅलिफोर्नियात एका पॉयझन सेंटरला हेडसेट लावून बसतो. बाळाने साबण चाटला, आजोबांनी बीपीची गोळी दोनदा घेतली, कुणी डोळ्यांत थेंबांच्या जागी ग्लू घातला, असे फोन दिवसभर येतात. बहुतेकांना औषध नको असतं, "काही होणार नाही" हे कुणीतरी सांगायला हवं असतं. माझ्या बायकोचं, मेधाचं, मत असं की मी गप्पा मारायचा पगार घेतो. तिचं फारसं चुकत नाही. पण कधीकधी हॉस्पिटलातले डॉक्टर फोन करतात. त्यांनाच कळत नसतं की समोरच्या माणसाला काय झालंय. तेव्हा गप्पा उपयोगाच्या नसतात.

डॉ. ट्रॅनचा पेशंट सदुसष्ट वर्षांचा. भारतातून मुलाकडे आलेला. मुलगा सनीव्हेलला चिप कंपनीत. सकाळी माणूस ठणठणीत. दुपारी बारापासून पापण्या जड, एकाचे दोन दिसायला लागले, मग जीभ जड, मग घोट गिळता येईना. स्ट्रोक असेल म्हणून स्कॅन केला, तो स्वच्छ. डोकं शाबूत, सगळं कळतंय, फक्त स्नायू एकेक करून राजीनामा देताहेत. मुलगा म्हणाला, बाबांनी गावाहून आणलेलं लोणचं खाल्लंय.

ट्रॅनचा संशय रास्त होता. बोट्युलिझम म्हणजे हवाबंद डब्यात वाढणाऱ्या एका जंतूचं विष. ते माणसाला वरून खाली लुळं करत जातं: आधी डोळे, मग घसा, मग छाती. मला मात्र तिच्या बोलण्यात फक्त लोणच्यावरचा आरोप ऐकू आला. माझं वय त्रेपन्न, इथे येऊन पंचवीस वर्षं झाली, तरी कुणी आमच्या बरणीकडे बोट दाखवलं की मी वकील होतो.

व्याख्यान संपल्यावर मी फॉर्मवरचे रकाने भरायला लागलो. "काही चावलं वगैरे?"

"मुलगा म्हणतो, नाही."

"पेशंट काय म्हणतो?"

"पेशंटला इंग्लिश जेमतेम येतं, आणि आता तो काय बोलतो तेही समजत नाही. मराठी की काहीतरी भाषा आहे. मुलगाच ट्रान्सलेट करतोय."

इथे मी खुर्चीत ताठ व्हायला हवं होतं. घरच्या माणसाला दुभाष्या करू नये, हा हॉस्पिटलांचा जुना नियम. घरचा माणूस त्याला जे सांगायचं असतं तेच सांगतो. शिवाय मला मराठी येतं. दुसरं काय येतं हा वादाचा विषय होईल, पण मराठी येतं. ते मी बोललो नाही. चार मिनिटं बडबड करून झाली होती आणि आता कॉल लवकर आटपावा असं वाटत होतं. म्हणालो, "मुलाला घरी पाठवून बरणी मागवा. टेस्टला लागेल." आणि ठेवला फोन.

चाळीस मिनिटांनी आमच्या लाइनवर एक जण आला. त्याला "मघाशी लोणच्याबद्दल बोलणारे सर" हवे होते. माझी ख्याती पसरली होती.

"मीच तो."

"मी निखिल मोहिते. पेशंटचा मुलगा. डॉक्टरांनी तुम्हाला स्पीकरवर ठेवलं होतं, ऐकलं मी. सर, यू आर मराठी, राइट?"

"हो. नागपूरचा. बोल."

"काका, हा कॉल रेकॉर्ड होतो का?"

'सर'वरून 'काका'वर यायला त्याला एक वाक्य लागलं. "होतो," मी म्हणालो.

"पोलिसांकडे जातो? किंवा इमिग्रेशनकडे?"

"नाही रे. आम्ही पोलीस नाही. मी फार्मासिस्ट आहे आणि मला लोणच्याबद्दल जास्त बोलायची खोड आहे. बरणी मिळाली का?"

"बरणी हातात आहे." मग म्हणाला, "काका, लोणच्याचं नाहीये. बाबांना साप चावलाय."

यावर एका अनुभवी प्रोफेशनलने काय म्हणावं? मी म्हणालो, "अरे बापरे बापरे बापरे." तेही रेकॉर्डिंगमध्ये आहे.

"कुठला साप?"

"पोवळा."

आपल्याकडचा पोवळा ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पेन्सिलीएवढा जाड, फूटभर लांब, लाजाळू साप. दगडाखाली राहतो. छेडलं तर शेपटी गोल वळवून वर करतो आणि खालचा लाल रंग दाखवतो, की बाबा, जाऊ द्या मला. विषारी आहे, पण तोंड इतकं लहान आणि स्वभाव इतका भित्रा की तो चावल्याचं सहसा ऐकू येत नाही. निखिलच्या वडिलांनी असे पोवळे आयुष्यभर हाताळले होते. मोहिते सर कऱ्हाडजवळच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवायचे आणि सर्पमित्र होते. म्हणजे कुणाच्या घरात, गोठ्यात साप निघाला की लोक त्यांना फोन करायचे, आणि सर स्कूटरवर काठी आणि बरणी घेऊन जायचे. साप पकडून लांब रानात सोडायचा, आणि जाता जाता जमलेल्या लोकांचा एक तास घ्यायचा.

"पण घरात पोवळा आला कुठून?" मी विचारलं.

"तो आपला नाही, काका. साउथ अमेरिकेचा आहे. मी आणला."

मग त्याने भराभर सांगितलं. सर वर्गात दरवर्षी सांगायचे की दक्षिण अमेरिकेच्या जंगलात पानांच्या थराखाली पोवळ्याचे भाऊबंद राहतात, मीटरभर लांब, लाल-काळे-पिवळे, दागिन्यासारखे. स्वतः त्यांनी ते फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिले होते. दोन वर्षांपूर्वी निखिलची आई गेली. त्यानंतर सर प्रथमच अमेरिकेला यायला तयार झाले. निखिलला वाटलं, बाबांना गोल्डन गेट दाखवून काय होणार? तो दुसऱ्या राज्यातल्या एका साप-सरड्यांच्या प्रदर्शनाला गेला, तिथे एका माणसाकडून हा साप घेतला आणि गाडीतून घरी आणला. परवाना नाही. इथे तो लागतो. ग्रीन कार्डचे कागद अडकलेले.

"बाबा रोज टाकीसमोर खुर्ची घेऊन बसायचे," तो म्हणाला. "तीन आठवडे. आज सकाळी आठला म्हणाले, हा आपल्याचाच मोठा भाऊ, तोंड बघ केवढंसं. आणि घेतला हातात."

साप अंगठ्याशेजारच्या मऊ जागी चावला आणि चिकटून राहिला. सरांनी शांतपणे सोडवला. रक्त नाही, सूज नाही, दुखणं नाही. सर हसले, हात धुतला, पोहे खाल्ले. या सापांचं विष तसंच असतं. ते दुखवत नाही. नस आणि स्नायू यांच्यातला निरोप बंद करतं, तोही काही तासांनी.

"बारा वाजता पापण्या खाली यायला लागल्या तेव्हा त्यांना कळलं. गाडीत बसताना म्हणाले, साप हा शब्द काढायचा नाही. तुझं कार्ड आलं की मग सांगू सगळ्यांना. मी दोन दिवसांत बरा होतो."

"निखिल, मी आत्ता हॉस्पिटलला कळवतोय. दुसऱ्या लाइनवर."

"ते नको म्हणाले होते, काका."

"ते तुझे वडील म्हणून बोलले. जीवशास्त्राचे सर म्हणून काय म्हणाले असते?"

"सांग म्हणाले असते."

"मग झालं तर. टाकीला झाकण आहे? कुलूप लाव. काचेबाहेरून फोटो काढ, मला पाठव. हात घालायचा नाही. आणि साप मारायचाही नाही."

"मी का मारीन?" तो म्हणाला. त्याला राग आला होता. बरं वाटलं मला, राग आला म्हणजे पोरगा उभा आहे.

फोटो आला तेव्हा रूथ माझ्या खुर्चीमागे उभी होती. रूथ आमची टॉक्सिकॉलॉजिस्ट, म्हणजे विषांची डॉक्टर, आणि माझी बॉस. इथल्या मुलांना शाळेत एक बडबडगीत शिकवतात. सापाच्या अंगावर लाल पट्ट्याला पिवळा लागून असेल तर लांब राहा, लाल पट्ट्याला काळा लागून असेल तर तो बिनविषारी. फोटोत प्रत्येक लाल पट्ट्याला काळाच लागून होता. त्या गाण्याप्रमाणे मोहिते सर आता घरी जायला हवे होते.

"ते गाणं टेक्सासच्या पुढे चालत नाही," रूथ म्हणाली. "हा अ‍ॅमेझॉनकडचा आहे. मायक्रुरस लेम्निस्कॅटस. ट्रॅनला सांग, श्वास थांबायची वाट बघू नकोस. आत्ताच नळी घाल."

नळी म्हणजे व्हेंटिलेटरची. या विषात मेंदू आणि हृदय चालू असतं, छातीचे स्नायू थांबतात. यंत्राने श्वास दिला तर माणूस तगू शकतो. दुसरी गोष्ट अँटिव्हेनम, विषावरचा उतारा. तो सापाच्या जातीप्रमाणे बदलतो. अमेरिकेतल्या पोवळ्यांसाठी एक आहे, त्याचा या परदेशी पाहुण्यावर भरवसा नाही. असे साप पाळणाऱ्या झूंना त्यांचा उतारा स्वतःच्या फ्रिजमध्ये ठेवावा लागतो, आणि कुठल्या झूकडे काय आहे याची एक यादी आमच्याकडे असते. मी फोन करत सुटलो. पहिल्या झूने तो साप गेल्या वर्षी दुसरीकडे दिला होता. दुसऱ्याकडे कुणी उचललं नाही. तिसऱ्याकडे, दोन राज्यं पलीकडे, दहा बाटल्या होत्या. तारीख उलटून गेलेल्या. अशा वेळी उलटलेल्याही चालवतात. विमानाने निघायला आणि पोचायला दुसरी सकाळ उजाडणार होती.

तोपर्यंत निखिल हॉस्पिटलला परत पोचला होता. त्याने वडिलांच्या कॉटजवळ उभं राहून डॉ. ट्रॅनला स्वतःच्या तोंडाने सगळं सांगितलं. ट्रॅनने मला फोन केला. "नळीची तयारी झालीये. त्याआधी तू त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलशील? ते घाबरलेत का, मला कळत नाही. चेहरा हलतच नाही."

तिने फोन त्यांच्या कानाला लावला. हे काम मी पहिल्याच कॉलवर, अडीच वाजता, करायला हवं होतं.

"नमस्कार मोहिते सर. मी पॉयझन सेंटरमधून बोलतोय. निखिलने आम्हाला सगळं सांगितलंय. त्याने बरोबर केलं. आता डॉक्टर तुम्हाला श्वासाची नळी घालतील. तुम्ही झोपाल. यंत्र तुमच्यासाठी श्वास घेईल."

पलीकडून एक जड आवाज आला. शब्द तोंडातच अडकत होते, पण वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचायची सवय असलेला तो आवाज होता. "जात," ते म्हणाले. "कुठली?"

"लेम्निस्कॅटस, सर."

ते म्हणाले, "वा."

मोहिते सरांशी माझं झालेलं बोलणं एवढंच.

अँटिव्हेनम दुसऱ्या दिवशी सकाळी मिळालं. पण रक्तात फिरणाऱ्या विषालाच ते धरू शकतं, नसांच्या टोकांना जाऊन बसलेल्याला उठवू शकत नाही. तिथे फक्त वाट बघायची. केस बंद होईपर्यंत हॉस्पिटलला रोज फोन करून विचारणं हा आमच्या कामाचा भाग. मी रोज नर्सला एकच सांगायचो: झोपेचं औषध कमी केलं की हा माणूस आतून जागा असतो. डोळे उघडता येत नाहीत, बोट हलवता येत नाही, पण ऐकू येतं. त्याच्याशी बोला. नर्स म्हणायची, मुलगा बोलतो. काय ते आम्हाला कळत नाही, पण तो थांबतच नाही.

सहाव्या दिवशी उजव्या हाताची बोटं हलली. नवव्या दिवशी डावी पापणी अर्धी वर आली आणि त्यांनी निखिलकडे पाहिलं. त्या दिवशी मी ऑफिसात सगळ्यांना डोनट आणले. अकराव्या दिवशी ताप आला. व्हेंटिलेटरवरच्या म्हाताऱ्या फुप्फुसांना होतो तसा न्यूमोनिया. तेराव्या दिवशी नर्सने फोन डॉक्टरकडे दिला, तेव्हाच मला कळलं.

आमच्या कॉम्प्युटरवर प्रत्येक केसच्या शेवटी परिणामाची यादी उघडते: किरकोळ, मध्यम, गंभीर, मृत्यू. माउसने एक निवडायचं. वर कारणाच्या जागी अजून "अन्न, संशयित" असंच होतं. ते मीच भरलं होतं. आधी ते बदललं.

मृत्यू झालेल्या प्रत्येक केसचा आढावा होतो. रूथ आणि मी एका खोलीत बसून रेकॉर्डिंग ऐकलं. मराठी भाग मी इंग्लिशमध्ये सांगत होतो. "हे अरे बापरे म्हणजे काय?" तिने विचारलं. मी म्हटलं, काही नाही, श्वास. चार मिनिटं अकरा सेकंद आली तेव्हा ते इंग्लिशमध्येच होतं, सांगायला काही नव्हतं. आम्ही दोघं ऐकत राहिलो. रूथ रागावली नाही. तिने कागदावर लिहिलं: दंशाबद्दल प्रश्न सहाव्या मिनिटाला. भाषेबद्दल, नाही.

"फरक पडला असता?" मी विचारलं.

"बहुतेक नाही," ती म्हणाली. मग पेनाचं टोपण लावलं. "बहुतेक."

साप वन्यजीव खात्याची माणसं घेऊन गेली. कुठे, ते मला ठाऊक नाही. निखिलचे कागद अजून अडकलेलेच आहेत.

यात शिकण्यासारखं जे होतं ते फार लहान आहे. मी आता पेशंटच्या हातापायांबद्दल पहिल्या मिनिटात विचारतो, आणि पेशंट कुठली भाषा बोलतो ते त्याच्याही आधी. हे दोन्ही मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं.

इथे खरं तर थांबायला हवं. पण पुढच्या बुधवारी आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आला: सनीव्हेलच्या मोहितेचे वडील न्यूमोनियाने गेले, घरी तो एकटाच आहे, डब्यांची पाळी लावू या. आमच्याकडे कुणाकडे असं झालं की चौदा दिवस कुणी ना कुणी जेवण पोचवतं. मेधाने गुरुवार घेतला. तिला मी काही सांगू शकत नव्हतो. पेशंटची माहिती घरीही बोलायची नाही, हा कायदा आहे. (निखिलने आता लिहायला हो म्हटलंय. त्याचं आणि सरांचं नाव मी बदललंय.)

"मी गाडीत बसतो," मी पार्किंगमध्ये म्हणालो.

"तिसऱ्या मजल्यावर दोन पिशव्या मी एकटी नेऊ? चल मुकाट्याने."

मी मुकाट्यानेच गेलो. दार उघडणारा मुलगा तिशीचा, बारीक, दाढी वाढलेली. मी नुसतं हात जोडले. मेधाने दोघांच्या वाटचं बोलून घेतलं. टेबलावर सरांचा फोटो, समोर निरांजन. कोपऱ्यात रिकामी काचेची टाकी, आणि तिच्यासमोर एक खुर्ची, तशीच ठेवलेली. मेधा आमटी गरम करायला आत गेली. निखिल मला पाणी आणतो म्हणाला, मी मान हलवली. तो "बसा" म्हणाला, मी मान हलवली. आत मेधाला नक्की लाज वाटत असणार, की नवऱ्याला दोन शब्द बोलता येत नाहीत.

मग त्याने दुसरी पिशवी उचलली. भाताचं पातेलं कलंडायला लागलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, खालून धर, खालून."

तो थांबला. पातेलं टेबलावर ठेवलं. माझ्याकडे वळला नाही. फोनवरचा आवाज चेहऱ्याशिवाय ऐकायची सवय असलेल्या माणसासारखा तसाच उभा राहिला.

"काका," तो म्हणाला.

मला बोलायची परवानगी नव्हती.

"मी सकाळी आठलाच फोन केला असता तर?" त्याने हळू विचारलं. आत नळ चालू होता.

या प्रश्नाचं एक तयार उत्तर आमच्याकडे असतं. तुम्ही तुमच्या परीने केलंत, असं काहीतरी. मी दिवसातून चार वेळा ते म्हणतो आणि लोकांना बरं वाटतं. या मुलासमोर ते तोंडातून निघेना.

"माहीत नाही," मी म्हणालो. "खरंच माहीत नाही, निखिल."

त्याने मान हलवली. कुणीतरी खरं बोललं एवढ्यावर तो खुर्चीत बसला आणि रडला. टाकीसमोरच्या खुर्चीत नाही, दुसऱ्या. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. मेधा हातात आमटीचं भांडं घेऊन दारात आली आणि तशीच मागे गेली.

परत येताना गाडी तीच चालवत होती. हायवेला लागल्यावर समोर बघत म्हणाली, "मी त्याचं नाव तुला फक्त मोहिते सांगितलं होतं. तू त्याला निखिल म्हणालास." तिने इंडिकेटर दिला, लेन बदलली. "मी काही विचारत नाहीये. शनिवारचा डबा कुणी घेतलेला नाही. मी करून देते, पण घेऊन तू एकटा जा. आणि लगेच परत येऊ नकोस."